फेब्रिम की फेब्रेम?

गेल्या श्रावणात पाच दिवस मी तापाने अंथरूण धरले होते, आणि त्या पाच दिवसांत ज्या एका शब्दाने माझी पाठ सोडली नाही तो तापाचाच होता. फक्त मराठीतला नव्हे, लॅटिनमधला. दीड वर्षापूर्वी मी निव्वळ हौस म्हणून लॅटिन शिकायला घेतले. महाविद्यालयात संस्कृत केलेले असल्यामुळे विभक्त्यांची धास्ती नव्हती. उलट रूपे घोकण्याची जुनी खोड आयतीच कामाला आली. आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात काही नामे चालवून आणायची होती. त्यांत ‘फेब्रिस’, म्हणजे ताप, हे एक नाम होते, आणि द्वितीयेच्या एकवचनात मी ‘फेब्रेम’ लिहिले होते. शिक्षिकेने ते खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने ‘फेब्रिम’ लिहिले आणि पुढे एक बारीकसे प्रश्नचिन्ह काढले. चूक असती तर विसरून गेले असते. प्रश्नचिन्हाने मात्र मला कामाला लावले.

फेब्रिस हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि मुळात ते इकारान्त आहे. लॅटिनची शालेय पुस्तके ज्याला नामांचा तिसरा वर्ग म्हणतात त्या एका वाड्यात खरे तर दोन बिऱ्हाडे राहतात: एक व्यंजनान्त नामांचे आणि दुसरे इकारान्तांचे. द्वितीयेच्या एकवचनाची खूण दोन्हीकडे ‘म्’ हीच, पण ती लागते वेगवेगळ्या रीतीने. इकारान्त नामाला ‘म्’ सरळ चिकटतो. संस्कृतात जसे ‘मति’चे ‘मतिम्’, तसे लॅटिनमध्ये ‘फेब्रि’चे ‘फेब्रिम’. व्यंजनापुढे मात्र नुसता ‘म्’ उच्चारता येत नाही, म्हणून त्याच्या आधी स्वर उगवतो. संस्कृतात तो ‘अ’ झाला, लॅटिनमध्ये ‘ए’. आपल्या ‘वाच्’चे ‘वाचम्’ आणि तिकडच्या त्याच मुळातल्या ‘वोक्स’चे ‘वोकेम’. पुढे व्यंजनान्तांच्या ‘एम’ने शेजारच्या बिऱ्हाडात पाय पसरले. ‘अग्नि’चा सख्खा भाऊ असलेल्या ‘इग्निस’चे, संस्कृतच्या ‘अग्निम्’शी जुळणारे जुने रूप मागे पडून ‘इग्नेम’ रूढ झाले, आणि बहुतेक इकारान्त नामांची हीच गत झाली.

काही थोडी नामे तेवढी अडून बसली. सितिस म्हणजे तहान, तुस्सिस म्हणजे खोकला, वीस म्हणजे बळ आणि तिबेरिस ही रोमची नदी: यांचे रूप ‘इम’नेच होते. तुर्रिस म्हणजे बुरूज, पुप्पिस म्हणजे जहाजाची मागची बाजू, सेकूरिस म्हणजे कुऱ्हाड आणि आपले फेब्रिस ही दोन्ही रूपे चालवून घेतात, पण चांगल्या लेखकांचा कल ‘इम’कडे. तहान, खोकला आणि ताप हे तिघे एका यादीत यावेत यामागे भाषाशास्त्रीय कारण काही असेल असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याच्या खोलीतली ही त्रयी पाठ करायला मात्र फार सोयीची आहे, आणि मी ती आडवी पडूनच पाठ केली. उरलेली रूपेही इकाराची साक्ष देतात. ‘तापाने’ किंवा ‘तापापासून’ यांसाठी लॅटिनला एकच विभक्ती आहे, तिचे रूप ‘फेब्री’. षष्ठीचे अनेकवचन ‘फेब्रिउम’, त्यातला ‘इ’ तर उघडाच दिसतो. प्रथमेच्या अनेकवचनात ‘फेब्रेस’ होते, ते संस्कृतच्या ‘मतयः’ या रूपाशी मुळात एकच आहे. मधला ‘य्’ लॅटिनने गिळला आणि दोन स्वर एकमेकांत मिसळून दीर्घ ‘ए’ झाला.

तक्त्यातले रूप वाक्यात भेटले की ओळख पक्की होते. ‘फेब्रिम’ मला रोमन कवी होरेसच्या एका उपहासकवितेत भेटले. ही कविता इ. स. पू. 30 च्या सुमाराची. एका बाईचा मुलगा पाच महिने अंथरुणावर आहे, त्याला थंडी वाजून ताप येतो. बाई ज्युपिटरला नवस बोलते: देवा, माझ्या मुलाला हा ताप सोडून जाऊ दे, तुझ्या उपासाच्या दिवशी सकाळी तो नदीत उघड्या अंगाने उभा राहील. दैवाने म्हणा, वैद्याने म्हणा, मुलगा बरा होतो. आणि मग ती खुळी आई नवस फेडायला त्याला गारठलेल्या काठावर उभे करते आणि होरेसच्या शब्दांत ‘फेब्रिम्क्वे रेदूकेत’, म्हणजे ‘आणि ताप परत आणील’. या दोन शब्दांत केवढे तरी व्याकरण आहे. ‘क्वे’ म्हणजे आपले संस्कृतचे ‘च’, आणि ते ‘च’सारखेच ज्या शब्दाला जोडायचे त्याच्या मागून येते, ‘फेब्रिं च’ असे म्हणावे तसे. शिवाय नवसाच्या ओळीत ‘तिबेर नदीत’ यासाठी ‘इन तिबेरी’ आले आहे, म्हणजे नदी आणि ताप दोघेही आपापला इकार सांभाळून त्या एकाच गोष्टीत उभे आहेत. नवस फेडण्याच्या नादात लेकराचे हाल करणारी ही आई आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेत शोभली असती.

मग माझे ‘फेब्रेम’ चुकीचे का? नाही, आणि म्हणून तर प्रश्नचिन्ह. वालेरिउस माक्सिमुस हा सम्राट तिबेरिउसच्या काळातला लेखक. तो सांगतो की रोमन लोक इतर देवांना भजत ते त्यांनी भले करावे म्हणून, आणि ‘फेब्रेम’ला देवळे बांधून भजत ते तिने जरा कमी छळावे म्हणून. अशी तीन देवळे त्याच्या काळी उभी होती: एक पालातिउम टेकडीवर, दुसरे मारिउसच्या स्मारकांच्या आवारात आणि तिसरे ‘लांब गल्ली’ अशा अर्थाच्या नावाच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला. आजाऱ्यांच्या अंगाला बांधलेले तोडगे बरे वाटल्यावर तिथे नेऊन वाहत. म्हणजे फेब्रिस ताप आणि फेब्रिस देवी. त्या काळच्या लेखनात नावाचे पहिले अक्षर वेगळे काढायची सोय नसल्यामुळे वाक्यात ती रोग आहे की देवता हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही; ‘देवी आल्या’ आणि ‘देवीची लस’ म्हणणाऱ्या भाषेत आपण वाढलो. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याला मात्र हे रुचत नसे; रोगांना आणि अनिष्ट गोष्टींना देवत्व देणे हा भ्रम आहे असे सांगताना तो पालातिउमवरच्या या देवीचेच उदाहरण देतो.

देवीचे सर्वांत गमतीचे दर्शन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने घडवले आहे. इ. स. 54 मध्ये सम्राट क्लाउदिउस मेला, त्याला देव ठरवण्यात आले, आणि सेनेकाने त्यावर एक बोचरे प्रहसनवजा लेखन केले. क्लाउदिउस स्वर्गाच्या दारात पोहोचतो तेव्हा बाकीचे सगळे देव रोममध्येच राहिलेले असतात. आपले देऊळ सोडून त्याच्याबरोबर आलेली असते ती एकटी फेब्रिस. तो आपले कूळ फुगवून सांगू लागतो तेव्हा तीच मध्ये तोंड घालते आणि सांगते की हा लुग्दुनुमला, म्हणजे आजच्या लियाँला, जन्मलेला गॉल आहे, मी याच्याजवळ कितीतरी वर्षे काढली आहेत. आयुष्यभर दुखणाईत असलेल्या माणसाची खरी माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार?

आता व्युत्पत्ती. रोमन पंडितांना ती सोपी वाटली होती. ‘फेर्वेरे’ म्हणजे उकळणे, ‘फेर्वोर’ म्हणजे उकळी, उष्मा. ताप म्हणजे अंगाची उकळीच, तेव्हा फेब्रिस आली ती फेर्वोरवरून. वारोचे मत असेच होते, आणि सहाशेहून अधिक वर्षांनी सेव्हिलचा बिशप इसिडोर, जो इ. स. 636 मध्ये वारला, त्यानेही आपल्या व्युत्पत्तिकोशात निःशंकपणे तेच लिहिले. अर्थ जुळतो, पहिले अक्षर जुळते, ‘र’सुद्धा जुळतो. आपल्याकडच्या निरुक्तकारांनीही कदाचित एवढ्यावर समाधान मानले असते.

अडचण आहे ती त्या पहिल्या ‘फ’मध्येच. लॅटिनमधला शब्दारंभीचा ‘फ’ हा बहुरूपी आहे. संस्कृतात जिथे ‘भ’ दिसतो तिथेही लॅटिनमध्ये ‘फ’ होतो: भ्रातृ आणि फ्रातेर. जिथे ‘ध’ दिसतो तिथेही ‘फ’च: धूम आणि फूमुस. आणि जिथे ‘घ’ आहे अशा काही शब्दांतही पुन्हा ‘फ’: आपला ‘घाम’ ज्या ‘घर्म’पासून आला त्या मुळातली लॅटिनमधली भट्टी म्हणजे ‘फोर्नाक्स’. तीन वेगवेगळे ओढे एकाच नदीत मिसळल्यावर पाणी कुठल्या ओढ्याचे हे नदीकाठी बसून सांगता येत नाही. वारोपाशी लॅटिन आणि ग्रीक होते. वरच्या अंगाला जाऊन पाहायला जी भाषा लागते, ती त्याला ठाऊक नव्हती.

आजचे बहुतेक अभ्यासक ‘फेर्वेरे’च्या ‘फ’मागे मूळचा ‘भ’ मानतात आणि ‘फेब्रिस’च्या ‘फ’मागे ‘ध’. म्हणजे दोघींची तोंडे सारखी, घराणी वेगळी. फेब्रिसचा धातू ‘धेघ्व्’ असा कल्पिला आहे, अर्थ ‘जळणे, जाळणे’, आणि त्याला ‘रि’ प्रत्यय लागला आहे. संस्कृतात ‘भूरि’मध्ये दिसतो तो. शब्दारंभीच्या ‘ध’चा ‘फ’ झाला, मधल्या ‘घ्व’चा ‘र’च्या शेजारी ‘ब’ झाला. या दुसऱ्या बदलाची उदाहरणे मोजकीच आहेत, त्यामुळे इथे थोडे सबुरीने घ्यावे हे खरे; पण ‘र’च्या आधी मूळचा महाप्राण ‘ब’ होऊन बसतो हे ‘रुधिर’ आणि ‘लाल’ या अर्थाचा ‘रुबेर’ या जोडीतही दिसते. दोन स्वरांमध्ये मात्र तोच ‘घ्व’ ‘व’ होतो. म्हणून ‘फोवेरे’ म्हणजे ऊब देणे, कोंबडी अंडी उबवते त्यालाही हेच क्रियापद, हे याच धातूचे. राखेखालचा निखारा दाखवणारा ‘फाविल्ला’ही याच कुळातला मानतात. बाहेर पाहिले तर लिथुआनियनमध्ये ‘देग्ती’ म्हणजे जळणे, ग्रीकमध्ये ‘तेफ्रा’ म्हणजे राख, आणि फारसीतला ‘दाग’, आपण ‘बेदाग’मध्ये वापरतो तो, मुळात डागण्याचा व्रण.

आणि संस्कृतात? संस्कृतात हा धातू आहे ‘दह्’. दाह, दहन, दग्ध, दाहक, विदग्ध. पुस्तकात हे वाचले तेव्हा अंगात भरपूर ताप होता आणि मला वाटले की आपण काहीतरी भलतेच वाचतो आहोत. ‘दह्’ आणि ‘फेब्रिस’ यांच्यात एकही ध्वनी सारखा नाही. पण पुरावा संस्कृतच्याच पोटात आहे, आणि तो मी एके काळी अर्थ न कळता घोकलेला होता. ‘दह्’चे भविष्यकाळी रूप ‘दक्ष्यति’ होत नाही, ‘धक्ष्यति’ होते. हा ‘ध’ कुठून आला? तो आला नाही, तो होताच. धातू मुळात ‘धघ्’ असा होता. एकाच शब्दात जवळजवळ दोन महाप्राण आले की संस्कृत पहिल्याचा महाप्राण काढून घेते. म्हणून ‘भभूव’ न होता ‘बभूव’ होते आणि ‘धधाति’ न होता ‘दधाति’. ग्रीकही स्वतंत्रपणे तेच करते, म्हणून ‘तेफ्रा’त आरंभी महाप्राण नाही. हा नियम 1863 मध्ये मांडला तो हेर्मान ग्रासमान यांनी. गणिती म्हणूनही त्यांचे नाव मोठे आहे आणि ऋग्वेदाचा त्यांनी केलेला कोश अजून वापरला जातो. ‘धक्ष्यति’मध्ये पुढचा महाप्राण ‘क्ष’त विरून जातो, त्यामुळे पहिल्याला गप्प बसण्याचे कारण उरत नाही आणि जुना ‘ध’ डोके वर काढतो. मूळचा ‘घ’ही पूर्ण हरवलेला नाही, उन्हाळ्याला ‘निदाघ’ म्हणतात त्यात तो जसाच्या तसा बसला आहे.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. आपण मराठीत ज्याला ताप म्हणतो तो ‘तप्’ धातूचा, आणि हा धातू लॅटिनमध्येही आहे. तिथे त्याचे ‘तेपेरे’ झाले आणि अर्थ उरला तो कोमट असण्याचा. ‘तेपिदुस’ म्हणजे कोमट. म्हणजे दोन धातू वारशात मिळाले, आणि दोन भावंडांनी ते उलटसुलट वाटून घेतले. रोमनांनी दाहाला ताप केले आणि तापाला कोमट पाण्यावर बसवले. आपण ‘तप्’ला तपश्चर्येपासून ‘डोक्याला ताप’पर्यंत वाटेल ती कामे सांगितली आणि दाह चितेसाठी, जखमेसाठी, फार तर आम्लपित्तासाठी राखून ठेवला. ‘ज्वर’ हा तिसराच, ‘ज्वल्’च्या सोबतीचा. रोमन माणसाला आपला ‘ताप’ शब्द कळला असता तर त्याने कपाळाला हात लावून म्हटले असते की, छे, हा तर नुसता कोमट आहे.

फेब्रिसच्या लिंगाचा एक परिणाम वैद्यकाच्या भाषेत दिसतो. सेल्सस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या लेखकाच्या वैद्यकग्रंथात तिसऱ्या खंडात तापाच्या उपचारांना आरंभ होतो तो ‘कुरातिओ फेब्रिउम’, म्हणजे ‘तापांची चिकित्सा’, या शब्दांनी, आणि लगेच तो प्रकार सांगतो: कोतिदिआना, तेर्तिआना, क्वार्ताना, रोजचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. ही विशेषणे स्त्रीलिंगी आहेत, कारण पाठीमागे फेब्रिस हे स्त्रीलिंगी नाम उभे आहे, मग ते उच्चारले नाही तरी चालते. इ. स. पू. 49 च्या जानेवारीत सिसेरोने आपला आजारी लेखनिक तिरो याला पत्र लिहिले. त्यात आजाराचा जोर आता ‘क्वार्ताना’त वळला आहे असे कळल्याचा उल्लेख आहे, आणि ते ऐकून सिसेरोला हायसे वाटलेले दिसते. असे का, ते सेल्सस वाचल्यावर कळते. तो म्हणतो, क्वार्ताना कुणाचा गळा चिरत नाही.

चौथ्याचा ताप हा खरे तर दर तिसऱ्या दिवशी येतो, म्हणजे बहात्तर तासांनी, आणि तिसऱ्याचा अठ्ठेचाळीस तासांनी, दिवसाआड. रोमन मोजणीत सुरुवातीचा दिवसही धरला जात असल्याने एकाचा फरक पडतो. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो आणि माणूस बरोबर त्याच वारी येतो, तसेच हे. आयुर्वेदातही चरकाने अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक हे प्रकार सांगितले आहेत आणि मोजणी तीच आहे. तृतीयकाचे नाव तर अथर्ववेदात तक्मन् नावाच्या तापाला नमस्कार करतानाच येते. दोन्हीकडे माणसे एकाच हिवतापाच्या पाळ्या बोटांवर मोजत होती. आपल्याकडे ही नावे पुल्लिंगी, कारण ज्वर पुल्लिंगी.

लॅटिनमध्ये ताप ‘जवळ येतो’ आणि ‘निघून जातो’. पाळी भरण्याला ‘आक्केस्सिओ’ आणि उतरण्याला ‘देकेस्सिओ’ म्हणत. मराठीत तो येतो, भरतो, चढतो, उतरतो आणि कधी माणूस तापाने फणफणतो. आपली वाक्यरचना तापाला कर्ता करते आणि माणसाला चतुर्थीत बसवते: मला ताप आला. सिसेरोने कट रचणाऱ्या कातिलिनाविरुद्धच्या पहिल्या भाषणात केलेली उपमा पाहिली तर तिथे माणसे ‘आएस्तू फेब्रीक्वे’ म्हणजे काहिलीने आणि तापाने ‘हेलकावे खातात’ आणि गार पाणी प्यायल्यावर क्षणभर त्यांना बरे वाटते. नावेसारखे हेलकावणे हे ज्याने एकशे तीनपर्यंतचा ताप काढला आहे त्याला पटेल.

पाचव्या दिवशी ताप उतरला. सकाळी आईने कपाळाला हात लावून पाहिले आणि म्हणाली, “ताप नाही आता, पण कसर आहे गं अजून.” कसरीला लॅटिनमध्ये ‘फेब्रिकुला’ असा शब्द आहे: फेब्रिसचे लघुत्वदर्शक रूप, लहानसा ताप. मराठीतली कसरही स्त्रीलिंगीच आहे. मी आईला हे सांगितले. तिने पेज पुढे केली.

पेन्सिलीच्या त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर पुढे लॅटिन बोलणाऱ्यांनीच देऊन टाकले. अन्त्य ‘म’ बोलण्यातून गळाला, आखूड ‘इ’ आणि ‘ए’ यांतला फरक शब्दाच्या शेवटी उरला नाही, आणि ‘फेब्रिम’ काय नि ‘फेब्रेम’ काय, दोन्हींचे ‘फेब्रे’ झाले. पोर्तुगीजांनी ते जवळजवळ तसेच ठेवले, स्पॅनिशमध्ये ‘फिएब्रे’ झाले, फ्रेंचमध्ये ‘फिएव्र’. इंग्रजीने फार पूर्वीच लॅटिनकडून उचललेल्या या शब्दाचे आज ‘फीव्हर’ आहे. लिंग मात्र या चारांपैकी पहिल्या तिघींनी स्त्रीलिंगीच राखले. इटालियनने ‘र’च्या आधीचा ‘ब’ दुप्पट केला आणि ‘फेब्ब्रे’ म्हटले, आणि त्याच सवयीने फेब्रुवारीलाही ‘फेब्ब्राइओ’ केले. त्यामुळे त्या भाषेत ताप आणि फेब्रुवारी या सख्ख्या बहिणी दिसतात. त्या तशा नाहीत: महिन्याचे नाव ‘फेब्रुउम’वरून आले, आणि फेब्रुउम म्हणजे त्या महिन्यातल्या शुद्धीच्या विधीला लागणारे साहित्य.